आधी शाळेचा कागद कमी करा, मुलांची वही राहू द्या

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईतल्या तुमच्या अनुदानित मराठी शाळेला एक देणगीदार टॅब द्यायला तयार आहेत. संस्थेला येत्या जूनपासून आठवी ते दहावीचे वर्ग पूर्ण पेपरलेस करायचे आहेत आणि मुख्याध्यापकांनी तुमच्याकडून फायदे-तोटे लिहून मागितले आहेत. मी सव्वीस वर्षं गणित-विज्ञान शिकवलं, आधी कुर्ल्याला, मग परळला. त्यातली शेवटची नऊ वर्षं शाळेत टॅब, प्रोजेक्टर, गुगल क्लासरूम बसवायची जबाबदारी माझ्यावर होती. म्हणून मत आधी सांगते, कारणं मागाहून. शाळेच्या कारभारातला कागद जेवढा निघेल तेवढा काढा. मुलांच्या हातातली वही काढू नका.

फायदे खरे आहेत, मी ते पाहिले आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी कुर्ल्याच्या शाळेत होते. ऑफिस तळमजल्यावर होतं. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर खालच्या दोन खणांतली जनरल रजिस्टरं फुगून दगडासारखी झाली होती. पान सोडवायला जावं तर शाई शेजारच्या पानावर उतरलेली. एका मुलाची जन्मतारीख, जात, शाळा सोडल्याचा दिनांक, सगळं त्या रजिस्टरातल्या एका ओळीत असतं. पुढे कित्येक वर्षं चाळिशी-पन्नाशीतली माणसं दाखल्याची दुसरी प्रत मागायला येत आणि आमचे क्लार्क त्या पानांवर भिंग धरून बसत. पेपरलेसच्या निमित्ताने तुमच्या शाळेत एकच काम होणार असेल तर ते हे होऊ द्या: जुनी रजिस्टरं स्कॅन करून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. मूळ रजिस्टर जपायचंच आहे, पण ते तळमजल्यावर ठेवू नका.

दुसरा फायदा शिक्षकांचा. सूचना, रजेचे अर्ज, वेळापत्रकातले बदल, पालकसभेचं बोलावणं, सरावाचे प्रश्नसंच, यांतलं बरंच कागदाशिवाय चालतं. हिशेब करून बघा. ८० जीएसएमचा एक ए-फोर कागद पाच ग्रॅमचा, म्हणजे पाचशे कागदांचं एक रीम अडीच किलोचं. साठ मुलांच्या वर्गाला आठवड्याला दोन कार्यपत्रिका दिल्या तर चाळीस आठवड्यांत ४८०० कागद होतात, जवळपास दहा रीम आणि चोवीस किलो. हे फक्त एका वर्गाचं, एका विषयाचं. शिवाय झेरॉक्स मशीन नेमकं घटक चाचणीच्या आदल्या दिवशी बंद पडतं. तो खर्च आणि ती धावपळ वाचते. फक्त एक अट घाला: जे ऑनलाइन भरलं त्याची प्रिंट काढून फाइलला लावायची नाही. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी पेपरलेसमुळे शिक्षकाचं काम दुप्पट झालं ते याच कारणाने. माहिती ऑनलाइन भरायची, तिची प्रिंट काढायची, सही करायची, पुन्हा स्कॅन करून पाठवायची. हे थांबवायची तयारी संस्थेची नसेल तर पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

वर्गात मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो लहान चाचण्यांचा. आठवीला घातांक शिकवून झाल्यावर मी गुगल फॉर्मवर पाच प्रश्न टाकायचे. त्यातला एक असा: कंस नसताना −५² ची किंमत किती? एका वर्षी अर्ध्याहून जास्त वर्गाने २५ निवडलं. उत्तर −२५ आहे, कारण वर्ग फक्त पाचाचा, उणे चिन्ह बाहेर. तास संपायला वीस मिनिटं होती आणि सगळा वर्ग कुठे अडकलाय ते माझ्यासमोर होतं. वह्या गोळा करून, घरी नेऊन, तपासून हे मला चार दिवसांनी कळलं असतं आणि तोवर मी पुढच्या धड्यावर गेले असते. हा फायदा कागद देऊ शकत नाही.

आणखी एक फायदा आहे, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. ज्यांना अक्षरं नीट दिसत नाहीत किंवा वाचताना अक्षरं उलटसुलट होतात, अशा मुलांसाठी टॅब हे खरोखर वरदान आहे. अक्षर मोठं करता येतं, ओळींमधलं अंतर वाढवता येतं, धडा ऐकता येतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता, मोठ्याने वाचायची वेळ आली की पाणी प्यायला जायचा. इतिहासाचा धडा कानाला हेडफोन लावून दोनदा ऐकल्यावर त्याने वर्गात पहिल्यांदा हात वर केला. देणगीदाराला सांगा, पहिले टॅब या मुलांना.

दप्तराच्या ओझ्याचा मुद्दा संस्था नक्की मांडेल. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा दप्तर जड नसावं हा नियम चांगलाच आहे. पण चाळीस किलोच्या मुलाचं दप्तर चार किलोत बसवायला वेळापत्रक नीट आखणं, वर्गात एक कपाट ठेवणं आणि दोनशे पानी वहीऐवजी शंभर पानी वापरणं पुरतं. त्यासाठी टॅबची तीस लाखांची खरेदी लागत नाही (हा आकडा कसा येतो ते पुढे मांडते).

आता वहीकडे येते, कारण माझा सगळा आग्रह तिच्यासाठी आहे.

दहावीच्या भूमितीत वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची रचना आहे. केंद्र आणि बिंदू जोडायचे, त्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढायचा, मध्यबिंदू केंद्र धरून कंस मारायचे. मुलाची वही हातात घेतली की मी आधी पान उलटं करते आणि मागून बोट फिरवते. कंपासचं टोक कुठे टोचलं, किती वेळा टोचलं, ते बोटाला कळतं. चार भोकं शेजारी शेजारी असली की समजावं, या मुलाला मध्यबिंदू सापडत नव्हता, अंदाजाने शोधत होता. समोरून आकृती बरोबर दिसते, गुणही मिळतील, पण लंबदुभाजक कशासाठी काढतात हे त्याला समजलेलं नाही. टॅबवरच्या भूमितीच्या ॲपमध्ये बटण दाबलं की लंबदुभाजक येतो. आकृती दरवेळी सुबक आणि मला काहीच कळत नाही.

बीजगणितातही तेच. फॉर्म मला सांगतो की मुलाने कुठला पर्याय निवडला. वही सांगते की तिसऱ्या पायरीला त्याने चिन्ह बदललं, मग खोडलं, मग पुन्हा तेच लिहिलं. ती खाडाखोड म्हणजे मुलाचं डोकं कसं चालतं याचा पुरावा आहे आणि शिक्षकाला शिकवायला तोच लागतो. म्हणून मी मुलांना खोडरबर वापरू देत नसे. चुकलं तर एक आडवी रेघ मारा आणि खाली पुन्हा सोडवा. स्क्रीनवर चुकलेलं पुसलं की त्याचा मागमूस राहत नाही.

मराठीच्या बाबतीत तर मी फारच ठाम आहे. मोबाइलवर मराठी लिहिताना मुलं इंग्रजी अक्षरांनी टाइप करतात आणि कीबोर्ड समोर तीन-चार शब्द ठेवतो. ‘दिन’ की ‘दीन’, ‘शिर’ की ‘शीर’, हे मुलाने ठरवायचं असतं, पण ते पहिला दिसेल तो शब्द दाबून मोकळं होतं. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ यांत एक गुरू आहे आणि एक स्वयंपाकी, हे हाताने लिहिताना एकदा चुकलं की जन्मभर लक्षात राहतं. बऱ्याच कीबोर्डवर तो अर्धा ऱ सापडायलाच वेळ लागतो, मग मुलं तो सोडूनच देतात. आणि शेवटी दहावीला मराठीचा पेपर ८० गुणांचा, तीन तासांचा, पेनाने लिहायचा. तिथे शब्द सुचवायला कोणी नसतं. दोन वर्षं टॅबवर लिहिलेल्या मुलाचा हात दीड तासात भरून येतो. लॉकडाऊननंतर प्रत्यक्ष वर्ग सुरू झाले तेव्हा मी हे डोळ्यांनी पाहिलं: निबंध अर्धा झाला की मुलं पेन खाली ठेवून बोटं मोडत बसायची. त्यांना पूर्वीसारखं सलग लिहितं करायला आम्हाला अख्खं सत्र लागलं. जोवर बोर्डाची परीक्षा कागदावर आहे तोवर वर्गातलं लिखाण कागदाबाहेर नेणं हा मुलांवर अन्याय आहे.

वाचनाबद्दल लोक मला विचारतात की हे तुमच्या पिढीचं वहीवरचं प्रेम तर नाही ना. थोडं असेलही. पण स्पेन आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१८ साली ५४ अभ्यास एकत्र तपासले, त्यांत मिळून १ लाख ७० हजारांहून अधिक वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचलेल्यांना स्क्रीनवर वाचलेल्यांपेक्षा जास्त समजला आणि वेळ मर्यादित असताना हा फरक आणखी वाढला. गोष्टींच्या वाचनात असा फरक दिसला नाही. म्हणजे गोष्टीचं पुस्तक टॅबवर वाचायला हरकत नाही, पण विज्ञानाचा धडा मात्र छापील पुस्तकातूनच वाचावा. हाताने टिपणं काढणं टाइप करण्यापेक्षा चांगलं, असा २०१४ चा एक अमेरिकन अभ्यास सगळीकडे सांगितला जातो. पुढे तो पुन्हा करून पाहिला तेव्हा निकाल तितका स्पष्ट आला नाही, म्हणून त्याच्यावर मी भार देत नाही. युनेस्कोने २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात तंत्रज्ञान शाळेत आणताना ते नक्की कोणाच्या अटींवर येतंय, हाच प्रश्न विचारला. शाळांमध्ये स्क्रीन फार लवकर आणणाऱ्या स्वीडनच्या सरकारने त्याच वर्षी छापील पाठ्यपुस्तकांसाठी वेगळा निधी दिला. आपल्याकडे बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट आहेत, पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-पोर्टलवरचे व्हिडिओ उघडतात, आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत छापील पुस्तकही मोफत मिळतं. हे तिन्ही हाताशी असताना छापील पुस्तक काढून घ्यायचं कारण मला दिसत नाही.

घरची परिस्थिती बघा. तुमच्या वर्गातली निम्मी मुलं दहा बाय बाराच्या खोलीत राहत असतील. टाळेबंदीत माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगी रोजचा गृहपाठ सकाळी सव्वाआठला पाठवायची, मुदत आदल्या रात्री नऊची. मी दोन आठवडे तिच्या नावापुढे ‘उशिरा’ असा शेरा मारला. मग तिच्या आईचा फोन आला. वडील रात्रपाळीचे वॉचमन, घरात फोन एकच, आणि तो त्यांच्याबरोबर सकाळी आठला घरी यायचा. पंधरा मिनिटांत ती मुलगी वहीत आधीच सोडवलेल्या गणिताचा फोटो काढून पाठवायची. तिचं काम रोज पूर्ण होतं. वही होती म्हणून होतं. टॅब शाळेने दिला तरी त्याच्या रिचार्जचा आणि चार्जिंगला लागणाऱ्या निवांत कोपऱ्याचा प्रश्न उरतोच.

वहीचं अजून एक काम शाळेला दिसत नाही. कमी शिकलेली आईसुद्धा वही उघडून लाल शेरा बघते, पानं भरली की कोरी आहेत ते बघते, आणि दुसऱ्या दिवशी गेटवर बाईंना गाठून विचारते. ॲपमधला ‘सबमिटेड’ हा शब्द तिला काहीच सांगत नाही. पेपरलेस झाल्यावर पालकसभेला येणाऱ्या आया कमी बोलू लागल्या, हे आमच्या शाळेत सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

विजेचं म्हणाल तर मुंबईत वीज जात नाही असा आपला समज आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड बिघडलं, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि माझ्या ऑनलाइन तासातले चौकोन एकेक करून काळे होत गेले. शेवटी स्क्रीनवर मी एकटी. रोज असं होत नाही हे मान्य. पण जुन्या इमारतीत पावसाळ्यात फ्यूज उडणं रोजचंच आहे. त्या दिवशी वर्ग कशावर चालेल ते आजच ठरवून ठेवा.

पैशाचा हिशेब संस्थेसमोर मांडा. समजा तीन इयत्तांच्या सहा तुकड्या, पन्नासची एक, म्हणजे तीनशे मुलं. दहा हजारांचा एक टॅब धरला तरी तीस लाख. तीन-चार वर्षांत बॅटऱ्या उतरतात, काचा तडकतात, आणि देणगीदार त्याच उत्साहाने दुसऱ्यांदा येईलच असं नाही. महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना अभ्यासक्रम भरलेले टॅब दिले होते, हेतू दप्तर हलकं करण्याचा होता आणि तो चांगला होता. २०१८ मध्ये आठवीची पुस्तकं बदलली. टॅबमध्ये जे भरलंय ते पुस्तक बदललं की नव्याने भरावं लागतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पुस्तकं आता पुन्हा बदलणार आहेत, तेव्हा पुरवठादाराकडून मजकूर अद्ययावत करून देण्याची लेखी हमी घ्या. चार्जिंगचा लोड मोठा नसतो. टॅबला दहा वॉट धरले तर पन्नास टॅबना फक्त ५०० वॉट. अडचण प्लगची असते. वर्गात दोनच प्लग असतात आणि मुलं एकाला दुसरा जोडत एक्स्टेंशनची माळ करतात. कुलूपबंद चार्जिंग कपाट आणि वेगळी एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच, पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. वायफायचंही तसंच. पन्नास मुलांनी एकदम व्हिडिओ लावला की नेट बसतं, म्हणून व्हिडिओ आधीच टॅबमध्ये उतरवून ठेवायचे.

झाडं वाचतील हा युक्तिवाद जपून वापरा. वही संपली की रद्दीत जाते आणि पुन्हा कागद होते. आपल्याकडचा बराच कागद जुनी रद्दी, उसाचं चिपाड आणि लागवडीच्या निलगिरी-सुबाभळीपासून बनतो. खराब टॅब रद्दीवाल्याला देता येत नाही, तो अधिकृत ई-कचरा केंद्रातच जायला हवा. मुलांना पर्यावरण शिकवायचं असेल तर त्यांना पाठकोऱ्या कागदांच्या कच्च्या वह्या शिवायला लावा, आम्ही दर एप्रिलमध्ये करायचो.

मुलांच्या माहितीबद्दल एकच गोष्ट, पण ती टाळू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. फुकट मिळणारं ॲप मुलांचं नाव, फोटो आणि ठिकाण का मागतं हे विचारायची जबाबदारी शाळेची आहे.

आणि घाई नको. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने पदवीच्या उत्तरपत्रिका एकदम संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. स्कॅनिंग आणि तपासणीची घडी बसायच्या आतच सगळ्या परीक्षा त्यात ढकलल्या गेल्या, निकाल महिनोन्महिने रखडले, आणि पुढच्या प्रवेशांसाठी थांबलेली मुलं मधल्या मध्ये अडकली. पद्धत वाईट नव्हती. एका विषयापासून सुरू केली असती तर हे टळलं असतं.

मी तुमच्या जागी असते तर मुख्याध्यापकांना असं सुचवलं असतं. तीनशेऐवजी पन्नास टॅब घ्या, ते शाळेचे असू द्या, मुलांच्या नावावर नकोत. प्रत्येक तुकडीला आठवड्यातून दोन तास मिळतील असं वेळापत्रक लावा, एक चाचणीसाठी आणि एक विज्ञान-भूगोलाच्या दृश्यांसाठी. उरलेल्या पैशात वायरिंग, एक चांगला स्कॅनर, आणि वर्षभर शिक्षकांसोबत बसणारा एक तंत्रज्ञ, ज्याला युनिकोड आणि जुने मराठी फॉन्ट यांतला फरक कळतो. नाहीतर तुमच्या जुन्या प्रश्नपत्रिका टॅबवर चौकोन आणि फुल्या होऊन उघडतील. पाचवीखाली काहीही नेऊ नका. सूचना व्हॉट्सॲपवर जाऊ द्या, पण संध्याकाळी सातनंतर नाही, आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी फळ्यावर.

खरेदीची ऑर्डर देण्याआधी एक आठवडा नववीच्या एकाच तुकडीत उसने टॅब आणून पूर्ण पेपरलेस वर्ग चालवून बघा, शक्यतो जुलैत, भर पावसात; जूनचा मुहूर्त हुकला तरी चालेल. शुक्रवारी त्या मुलांना कोऱ्या कागदावर, पेनाने, त्याच आठवड्याच्या अभ्यासावर अर्ध्या तासाची चाचणी द्या, आणि शेजारच्या तुकडीलाही तीच. दोन्ही गठ्ठे मुख्याध्यापकांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि त्यांनाच तपासू द्या.